सायब आत हाय

प्रणालीची सासू भिजवलेल्या वालांचं पातेलं घेऊन सरळ ऑफिसात आली आणि सुनेच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. प्रणाली कॉलवर होती. सासूने पातेलं टेबलावर ठेवून वाल सोलायला घेतले. दोघींनी सोललं तर बिरडं लवकर होईल, असं ती म्हणाली. ते कॉलवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

मी चौलला एका को-वर्किंगमध्ये कामाला आहे. को-वर्किंग म्हणजे भाड्याने खुर्ची मिळते असं ऑफिस. निरनिराळ्या कंपन्यांची माणसं एका हॉलमध्ये बसतात. इंटरनेट, एसी आणि चहा भाड्यातच येतो. चहा आणि साफसफाई माझ्याकडे. मला फार बोलता येत नाही, म्हणून हे काम मला बरं वाटलं. तिथे सगळ्यांच्या कानात इयरफोन असतात.

बाकी सगळे मुंबई-पुण्याचे, गावातली एकटी प्रणाली. तिची कंपनी बेंगळुरूची. ती प्रोबेशनवर होती, म्हणजे काही महिने काम बघून मग कायम करतात. घरी लॅपटॉप उघडला की दळणही तिनेच आणायचं आणि पाहुण्यांचंही तिनेच बघायचं. म्हणून तिने इथे खुर्ची घेतली.

पण खुर्ची मिळाली रस्त्याकडच्या खिडकीशी. आमच्याकडे बसलेलं माणूस दिसलं की ते मोकळं आहे असं धरतात, आणि त्याला न विचारता पुढे जाणं बरं दिसत नाही. चुलत सासरे बागेत जाताना आत डोकावायचे, पाणी मागायचे. नणंद बाजाराची पिशवी ठेवून जायची. वाईट हेतूने कोणीच आलं नाही. सुरुवातीला मुंबईच्या लोकांनाही मजा वाटली. मग त्यांनी मंदार सरांकडे तक्रार केली. मंदार सर म्हणजे जागेचे मालक.

वालाच्या दिवशी प्रणालीच्या साहेबांनी तिला कॉलनंतर थांबवून घेतलं. असंच चाललं तर कायम करणं अवघड आहे, म्हणाले. हे तिने मला पँट्रीत बाटली भरताना सांगितलं. रडली नाही. बाटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद केला नाही.

मंदार सरांनीही मला बोलावलं.

"सुनंदाताई, यापुढे सगळ्यांना दारातच थांबवायचं. नाहीतर मला तिला खुर्ची सोडायला सांगावी लागेल."

"सर, तिच्या सासूबाई मोठ्या आहेत माझ्याहून."

"तुम्ही गावातल्या, म्हणून तर तुम्हाला सांगतोय. मला त्या जुमानत नाहीत."

मला कोणाला नाही म्हणता येईना. मी पाहुण्यांना पडवीत बसवून चहा द्यायला लागले. चहा चांगला असतो असं गावात झालं आणि आणखी माणसं यायला लागली.

शेवटी रिव्ह्यूचा दिवस आला. रिव्ह्यू म्हणजे साहेब कामाचा हिशेब घेतात आणि निकाल सांगतात. प्रणाली फोन बूथमध्ये बसली. फोन बूथ म्हणजे कपाटाएवढी काचेची खोली, आतलं बोलणं बाहेर येत नाही. तेवढ्यात सासू डबा घेऊन आली आणि बूथकडेच निघाली. मी ट्रे घेऊन मध्ये उभी राहिले.

"बाजूला सर की गो. डबा देतंय तिला."

"काकी, आता नको."

"का? एकटीच तर हाय."

मी होतं ते सांगितलं.

"एकटी न्हाय. तिचा सायब आत हाय."

काकींनी काचेतून बघितलं. लॅपटॉपवर चष्म्यातले गृहस्थ बोलत होते आणि प्रणाली मान हलवत होती. काकींनी चटकन डोक्यावर पदर घेतला आणि त्या मागे सरकल्या.

"आधी न्हाय सांगायचंस?" त्या हळूच म्हणाल्या. "चाय दिलीस त्यांना?"

अजून नाही, असं मी म्हटलं. काकी डबा मांडीवर घेऊन पडवीत बसून राहिल्या. बूथचं दार उघडेपर्यंत त्यांनी कोणालाही आत सोडलं नाही. मंदार सरांनाही हाताने थांबवलं.

प्रणाली कायम झाली.

प्रणालीचा साहेब आत बसतो, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत झालं. येणंजाणं बंद पडलं. चुलत सासरे खिडकीखालून जाताना खोकतसुद्धा नाहीत. मग प्रणालीलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मुंबईचे लोकही बिरड्याच्या काकी का येत नाहीत, असं विचारू लागले. तेव्हा मंदार सरांनी ठरवलं की चारचा चहा पडवीत द्यायचा, गावातल्या कोणीही यावं. आता तिथे ऑफिसची माणसं एकमेकांची नावं विचारतात. काकींनी आणलेले वाल सोलतात, पण त्यांच्या हातून अर्धे दाणे मोडतात.

या नोकरीत मी एवढं शिकले की काम कोणाला दिसत नाही, साहेब दिसतो. काकी रोज चारला फाटकाशी येऊन थांबतात.

"सायब गेला?"

गेला, असं मी सांगते आणि आधण ठेवते.