बारवेचं प्रकरण

शेवगाव तालुक्यातल्या मेलेल्या माणसांना आमच्या थोरल्या मामांइतकं ओळखणारा दुसरा कुणी झाला नाही. जिवंतांच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज हमखास चुकायचा. मामी म्हणायची, "पोरीचं लग्न कुठल्या साली झालं विचारा, बोटं मोजतील. निजामशाहीतल्या सरदाराचं मात्र तिथीवारासकट!" शाळेतून निवृत्त झाल्यावर मामा एस.टी.नं गावोगाव हिंडायचे आणि दिसेल तो दगड उलटा करून पाहायचे. एकदा ओढ्यावर एक बाई वीरगळावर कपडे आपटत होती. मामा कळवळून म्हणाले, "अहो, तुम्ही एका शूर वीरावर धुणं आपटताय!" बाई म्हणाली, "मंग त्याची बी आंघूळ हुतीय की!" मामांनी हा संवाद गंभीरपणे वहीत उतरवून घेतला.

अशा वह्यांमधूनच नव्वदच्या दशकात त्यांचा तालुक्याचा इतिहास छापून झाला. एका गावची जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, तिथल्या पाटलांच्या पूर्वजानं बांधली, असं त्यात होतं. खूश होऊन पाटलांनी सत्कार ठरवला. त्याच्या आदल्या आठवड्यात त्या गावच्या बौद्धवस्तीतले एक म्हातारे, कारखान्यातून निवृत्त झालेले, पत्र्याच्या डब्यात एक मोडी कागद घेऊन आले. "गुरुजी, बारव आमच्या पूर्वजानं बांधली म्हनून आज्या सांगायचा. आमाला वाचता येत न्हाई, पन जपून ठिवलाय."

मामा दोन दिवस भिंग घेऊन बसले. कागद खरा होता, म्हातारेही खरे होते, आणि चुकले होते ते मामा. "सत्कार होऊ द्या, मग सावकाश बघू," मी म्हणालो. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंग उचललं.

सत्काराच्या दिवशी गळ्यात हार, अंगावर शाल, समोर सगळं गाव. मामा माईकपाशी गेले आणि म्हणाले, "माझं बारवेचं प्रकरण चुकलंय. बारव ज्यांनी बांधली, त्यांच्याच लेकीसुनांना पुढं तिथं पाणी भरू दिलं नाही." पाटील दबक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, शाल घेतल्यावर सांगायचं व्हय हे?" माईक चालूच होता. मामांनी शाल काढून नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. जेवायला कुणी थांबवलं नाही. आम्ही पायीच फाट्यावर आलो.

मग मामांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि खळीचा डबा घेऊन, ज्यांनी ज्यांनी पुस्तक घेतलं होतं त्यांच्या घरी जाऊन त्या चिकटवल्या. मी बरोबर असायचो. काहींनी चहा दिला, काहींनी दारच उघडलं नाही. सर्वांत शेवटी आम्ही त्या म्हाताऱ्यांकडे जाऊन ओट्यावर बसलो. "वाचून दावा," ते म्हणाले. मामांनी वाचलं. म्हाताऱ्यांनी घरातून बायकोला बोलावलं, "आता हिला." पुन्हा वाचलं. मग शेजारी आले, सुना आल्या, आणि दर वेळी मामा पहिल्यापासून सुरुवात करत राहिले.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना पुढं मानसन्मानही पुष्कळ मिळाले. पण त्यांची आठवण आली की मला त्या ओट्यावरचा त्यांचा आवाज ऐकू येतो. चार ओळींची ती चिठ्ठी; शेवटच्या, लेकीसुनांना पाणी भरू न दिल्याच्या ओळीला तो आवाज दर वेळी थोडा बसायचा.