पहिला हात कुणाचा

"पकडी, शून्य."

सरांनी वाचलं आणि थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. शाळेचा हॉल भरलेला होता. जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड चाचणी नुकतीच संपली होती. सगळ्या मुली फरशीवर मांडी घालून बसलेल्या, गुडघ्यांना लाल माती, कपाळावर घाम. भिंतीकडेला खुर्च्यांवर निवड समिती आणि त्यांचा चहा.

"अगं, तू मैदानात होतीस ना? की पाणी द्यायला आली होतीस?"

हॉल हसला. समितीतले एक गृहस्थ इतके हसले की चहा बशीत सांडला. माझ्या शेजारची केतकी पण हसली. आमच्याच क्लबची, माझ्याच संघातली. तिच्या नावापुढे सरांनी आत्ताच जेवढ्या पकडी वाचल्या होत्या, त्यातल्या बहुतेकांत माझ्या बरगड्या होत्या. आणि ती हसली.

मी खाली मान घातली. आज त्या मान घालण्याचीच चीड येते. त्या हसण्याची नंतर.

मी लांज्याच्या आतल्या बाजूच्या गावची. गावाच्या खालच्या अंगाला आमची वाडी. वाडीचं नाव सांगितलं की समोरचा माणूस "असं, असं" म्हणतो आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचा की नाही याचा विचार करतो. बाबा मुंबईत एका हॉटेलच्या मोरीत भांडी घासायचे, शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे. आई काजूच्या कारखान्यात बी फोडायची. सुट्टीच्या दिवशी मीही जायचे. बी फोडताना टरफलातलं तेल उडतं. ते हाताला लागलं की कातडी जळते, काळी पडते, मग सोलून निघते. आम्ही हाताला राख चोळून बसायचो. तरी हात काळे ते काळेच. साबण लावा, चिंच लावा, जात नाही.

पण त्या हातांत जोर होता. गावच्या मैदानात मी मुलांना आडवं करायचे. आमच्या शाळेच्या बाईंनी ते बघितलं आणि मला रत्नागिरीच्या क्लबमध्ये पाठवलं. क्लबचे अध्यक्ष मोठे बागायतदार. हापूसच्या कलमांच्या बागा, शिवाय मैदानही त्यांच्याच जागेत. केतकी त्यांची मुलगी. शाळा सुटली की मी एसटीने रत्नागिरीला जायचे, सराव करायचे आणि शेवटच्या गाडीने परत यायचे. गाडीत उभ्याने झोपायला मी तेव्हाच शिकले.

मला कशासाठी यायचं होतं, तेही सांगते. हौस नव्हती ती. जिल्ह्याकडून राज्य स्पर्धा खेळली की दाखला मिळतो. तो दाखला असला की पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येतो. मला पोलीस व्हायचं होतं. राखेत हात न घालता जेवायचं होतं. बस्स.

पहिल्याच दिवशी अध्यक्षांनी मला जागा दाखवली. "तू कव्हरला उभी राहा. कोपरा केतकीचा." का, ते विचारायची सोय नव्हती. कोपरा घरच्या मुलीचा, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

ज्यांना कबड्डी कळत नाही त्यांना दोन शब्द सांगते, नाहीतर माझी जळजळ कळायची नाही. चढाई करणारी आली की कोपऱ्यातली मुलगी तिच्या घोट्यावर झेप घेते. प्रेक्षकांना तेवढंच दिसतं. पण घोटा धरून चांगली रेडर थांबत नाही. ती कोपऱ्यातलीला फरफटत घेऊन मध्यरेषेकडे जाते. तिचं बोट रेषेला लागलं की पकडणारीच बाद. तिथे मध्ये कुणीतरी आडवं यावं लागतं. धावत येऊन कमरेवर आदळावं लागतं, तिचा गुडघा आपल्या पोटात घ्यावा लागतो, आणि रेषेच्या अलीकडे तिला पाडावं लागतं. ते कव्हरचं काम. ते माझं काम.

आणि कोपरा आणि कव्हर हात धरून उभे राहतात. त्याला साखळी म्हणतात. केतकी माझा हात धरताना मध्ये रुमाल घ्यायची. छोटा, पांढरा, कडेला फुलं भरलेला. "घामाने सटकतो गं," म्हणायची. पकड झाली की दुसरं कुणी जोशात तिचा हात धरायचं, तो कधी घामाने सटकत नसे. घाम फक्त माझ्याच हाताला होता. मला ते पहिल्या दिवशी कळलं. मी कळलं नाही असं दाखवलं. दाखला हवा होता ना.

मग सर आले. कॉलेजात गणित शिकवायचे, क्लबचे हितचिंतक आणि निवड समितीवरही तेच. नुकताच घरी कॉम्प्युटर घेतलेला. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आजपासून ओळखीपाळखी बंद. प्रत्येक सामन्यात प्रत्येकीची चढाई, बोनस, पकड मी लिहिणार. वर्षाच्या शेवटी आकडे सांगतील कोण चांगलं. आकडा आडनाव विचारत नाही."

मला तेव्हा किती आनंद झाला, सांगू? घरी येऊन आईला सांगितलं, आता माझं कुणी अडवू शकत नाही. रत्नागिरीत मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं की तुझं आडनाव नको, तुझा खेळ दाखव. त्या वर्षभर मी जनावरासारखी खेळले. राजापूरला खेळले, गुहागरकडे खेळले, तापात खेळले. एकदा रेडरचं कोपर लागून दात हलला, तो जिभेने दाबून धरून खेळले. प्रत्येक वेळी मी आदळले की केतकी उठायची, अंगठा वर करायची, मैदानाबाहेर सर मान हलवून लिहायचे. मला वाटायचं, लिहितायत. माझं लिहितायत.

त्यांनी लिहिलेलं होतं शून्य.

हॉल रिकामा झाल्यावर मी सरांकडे गेले.  

"सर, रेडरला मी पाडलं. प्रत्येक वेळी."

"पहिला हात कुणाचा होता?"

"केतकीचा."

"मग? एक पकड, एक नाव. नियम आहे. पहिला हात ज्याचा, पकड त्याची."

"नियम कुणी केला?"

ते हसले. रागाने नाही. लहान मुलाला हसतात तसं. "मीच केला. कुठेतरी रेघ मारावीच लागते ना."

"मग मला कोपरा द्या सर. एक सामना द्या."

"कोपरा कुणाला द्यायचा? जिच्या पकडी जास्त तिला. तुझ्या किती आहेत?"

 त्यांना स्वतःला काही खटकलं नाही. कागदाची गुंडाळी करून ते स्कूटरला किक मारून निघून गेले. मी तिथे उभी राहून ते बोलणं पुन्हा पुन्हा फिरवत होते. कोपरा नाही म्हणून पकडी नाहीत. पकडी नाहीत म्हणून कोपरा नाही. आमच्या वाडीला पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवलेलं. शिकलेले नाहीत म्हणून शाळेत बसवायचं नाही, शाळेत बसवलं नाही म्हणून शिकलेले नाहीत. फक्त या वेळी ते कॉम्प्युटरमधून छापून आलं होतं, आणि सुबक दिसत होतं.

केतकीची निवड झाली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला अक्कल लागत नाही, पण कोपरा लागतो.

अपमान इथे संपला असता तर मी कदाचित आयुष्यभर गप्प राहिले असते. आठवड्याने अध्यक्षांचा निरोप आला. जिल्हा संघाचं सराव शिबिर त्यांच्याच मैदानात होतं. "तू ये शिबिराला. संघात नाहीस, पण केतकीला तुझी सवय आहे. जेवण मिळेल, टी-शर्ट मिळेल."

आईला सांगितलं. आई चुलीपुढे बसली होती, हाताची सालटी काढत.

"जा गो बाय. मिलताय ता घ्यावा. मोठ्यांच्या तोंडाला लागू नये."

"आये, माझं नाव नाय यादीत."

"नाव घेऊन काय चाटायचाय? जेवाण तर मिलंल."

आईचा राग आला. अजून येतो. पण तिच्या हातांकडे बघितलं की तो राग आईवरून घसरतो आणि दुसरीकडे जातो. मी गेले. टी-शर्ट घेतला. त्याच्या पाठीवर जिल्ह्याचं नाव होतं, आणि नंबर नव्हता. बाकी सगळ्यांच्या पाठीवर नंबर होता.

शिबिरातला पहिला सामना. समोर मुलांचा संघ, सरावासाठी बोलावलेला. सर कडेला खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर पॅड, हातात पेन. अध्यक्ष शेजारी. चढाईला मुलगा आला. केतकीने कमरेचा रुमाल काढला, हातावर गुंडाळला आणि माझ्यापुढे हात केला.

माझ्या आत काहीतरी तुटलं असं लिहायचा मोह होतो. तसं काही झालं नाही. उलट सगळं स्वच्छ दिसलं.

"रुमाल काढ," मी म्हणाले.

"काय?"

"रुमाल काढ. मग हात धर."

ती हसली. "वेडी आहेस का? खेळ की."

मी हात मागे घेतला. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि माझ्या जागेवर उभी राहिले. मुलगा आत आला. केतकीने घोटा धरला, चांगला धरला. त्याने तिला मातीतून ओढत नेलं आणि सावकाश मध्यरेषेला हात लावला. केतकी बाद. सरावाचाच सामना, म्हणून पुढच्या चढाईला ती परत आत आली, परत तसंच. मग परत. तिचं कोपर सोलवटलं. डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी खो-खो हसलं, तीही संघातलीच कुणीतरी होती.

"काय चाललंय हे?" सर ओरडत आत आले. "तू हलत का नाहीस?"

"सर, माझ्या नावावर शून्य आहे. शून्य हललं काय आणि नाही हललं काय, तुमच्या आकड्यात काय फरक पडतो?"

 सरांनी पॅडकडे बघितलं. काय लिहावं ते त्यांना कळेना. त्यांच्या कागदावर पकड फसल्याला रकाना होता, पण फसली का, याला रकाना नव्हता.

अध्यक्ष उठून उभे राहिले. "मस्ती चढली गं तुम्हा लोकांना. घरात घेतलं की असंच होतं."

तुम्हा लोकांना. इतके दिवस रुमालात गुंडाळलेलं होतं ते. मी टी-शर्ट तिथेच काढला, आत माझा जुना शाळेचा शर्ट होता. टी-शर्ट सरांच्या खुर्चीवर ठेवला आणि निघाले. कुणी थांबवलं नाही. एकही मुलगी उठली नाही. हे मी विसरलेले नाही.

यानंतर सगळं छान झालं, अशी गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा. जिल्ह्याचा संघ राज्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. मला त्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाने माझं काही भलं झालं नाही. दाखला मिळाला नाही. पोलीस भरतीत साध्या जागेवर धावले, थोडक्यासाठी राहिले. केतकीला दाखला मिळाला. तिने तो कुठल्याच नोकरीसाठी वापरला नाही. लग्न करून पुण्याला गेली. असेल कुठल्यातरी भिंतीवर काचेत. मी राखेत हात घालायला परत गेले.

पण डोक्यातून सरांचं ते वाक्य जाईना. कुठेतरी रेघ मारावीच लागते. खरं आहे ते. आकड्यांवर माझा राग नाही. मी आकड्यांवर जेवढा विश्वास टाकला तेवढा देवावरही टाकला नव्हता. राग आहे तो पेन कुणाच्या हातात होतं त्यावर. रेघ मारणारा कुठे बसला होता, कुणाच्या खुर्चीवर, कुणाच्या मैदानात, कुणाचा चहा पीत. शून्य मैदानात पडलं नव्हतं, त्या खुर्चीत पडलं होतं.

म्हणून मी पंच परीक्षेला बसले. कारखान्यातून सुटल्यावर नियमांचं पुस्तक पाठ केलं. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले. त्याच सुमारास वाडीतल्या मुलींना गोळा करून मैदान आखलं. तिथे कुणाचाही कोपरा कायमचा नाही. दर सामन्याला जागा बदलते. आणि पकडीपुढे आम्ही दोन नावं लिहितो. जिने धरली तिचं, आणि जिने पाडली तिचं.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या निवड चाचणीत गुणलेखक म्हणून माझी नेमणूक झाली. तोच हॉल, तशाच खुर्च्या. बाहेर मैदानाच्या कडेला टेबल मांडलेलं. मी बसले. माझ्या वाडीतल्या दोघी चाचणीला होत्या, आणि इतर कुठल्या कुठल्या वाड्यांतल्या पुष्कळ जणी, बहुतेक कव्हरलाच उभ्या केलेल्या. मी पकडीचा रकाना मधोमध उभी रेघ मारून दुभागला.

समितीतले एक जण मागून आले. वाकून बघितलं. ओळखलं नाही मला. मी ओळखलं, चहा सांडला होता तेच.

"ही कसली रेघ? बाई, तुम्ही जरा उठा. आमचे सर आलेत, ते बसतील. त्यांना सवय आहे."

सर मागे उभे होते. केस पिकलेले. माझ्या हातांकडे बघत होते. बोटं अजून काळीच आहेत. त्यांनी ओळखलं, कारण त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

मी पेनाचं टोपण काढलं.

"नेमणूक माझी आहे. उठणार नाही."

"अहो, पण..."

"सरांना बसायचं असेल तर शेजारी बसू दे. त्यांनी बघावं. लिहिणार मी."

शिट्टी झाली. पहिली चढाई आली. कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला, आणि मधून एक काळीसावळी पोर सुसाट येऊन आदळली. रेडर आणि ती, दोघी मातीत गेल्या. सगळे कोपऱ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते.

मी मधल्या पोरीचा नंबर वाचला आणि लिहिला.