बाबांना झोप लागावी म्हणून

मुंबईच्या इस्पितळात बाबांच्या छातीतून पाणी काढलं, तो सोमवार होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. फुप्फुसाच्या आवरणाला कर्करोग झाला आहे, त्यावर उपाय नाही, यांना घरी न्या, असं ते म्हणाले. मी कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आम्ही रेवसला आलो आणि तिथून एस.टी.ने थळला.

लाँचमध्ये बाबांना उलटी झाली. पण त्याचा आजाराशी काही संबंध नव्हता. बाबांना जन्मभर होडी लागत आली होती. कोळ्याच्या घरातल्या थोरल्या मुलाला होडी लागावी, ही गोष्ट आमच्या आळीला कधी पचली नाही. आजोबांनी त्यांना लहानपणी पुन्हापुन्हा होडीत घालून नेलं. लोक म्हणत, सवय होईल. बाबांना झाली नाही. आजोबांना मात्र झाली, मुलगा ओकत असताना जाळं ओढायची. शेवटी बाबा मुंबईला गेले आणि गोदीत लागले. तिथे दुरुस्तीसाठी आलेली जहाजं उभी असत. "हलत न्हाय ती बोट मना चालतं," असं ते म्हणत. आळीत त्यांना ‘कोरडा कोळी’ म्हणायचे आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

जहाजाच्या बॉयलरवर आणि वाफेच्या नळांवर पांढऱ्या मालाचा जाड थर लिंपायचा, जुना झालेला थर ठोकून काढायचा, हे त्यांचं काम. सणाला घरी येताना ते धुवायचे कपडे घेऊन येत. आई ते अंगणात झटके, पांढरी धूळ उडे आणि मी त्यात उभी राहून शिंकत असे. ती धूळ ॲस्बेस्टॉसची होती आणि तिचा या आजाराशी संबंध असतो, हे मी फार पुढे एका मासिकात वाचलं. तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं. त्या डॉक्टरांनाही बहुधा नसावं, कारण त्यांनी फक्त विडी ओढता का, एवढंच विचारलं होतं, आणि बाबांनी कधी विडी ओढली नव्हती.

मुंबई राज्याचं महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी अलिबागला प्राथमिक शाळेत शिकवत होते. आईबाबांची मी एकटीच. घरी आल्यावर मी आईला मोरीपाशी गाठून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. तिने हातातलं भांडं विसळून पालथं घातलं.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मी सांगते. तुझ्या तोंडून शब्द निघायला दिवाळी येईल."

तिने भात वाढता वाढता सांगितलं. "डॉक्टर म्हनतात तुमचं काय खरं न्हाय."

"मना म्हायती," बाबा म्हणाले. "धक्क्यावर हिनं माझी पिशवी उचलली. आजवर उचलली होती कदी?" मग त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "मना दुसरं काय नको. फकस्त झोप पायजे."

खरोखरच त्यांना दुसरं काही नको होतं. आडवं झालं की श्वास अडके, म्हणून ते आडवे होत नसत. बसून डोळा लागला की मान कलंडे आणि जाग येई. भिंतीला टेकावं तर जिथून सुई घातली होती ती जागा दुखे. झोप नसल्यामुळे माणूस दिवसेंदिवस पातळ होत चालला होता. आजार जाणार नव्हता, हे आम्हाला कळलं होतं. झोप तरी मिळावी, एवढंच आमच्या हातात होतं, आणि तेही जमत नव्हतं.

मग आम्ही पाठ द्यायला लागलो. एकीने त्यांच्या मागे पाठीला पाठ लावून बसायचं. आईची पाठ रुंद आणि स्थिर होती. पाठ देता देता ती स्वतःच झोपून जाई आणि दोघं मिळून एका बाजूला कलत. माझ्या पाठीबद्दल बाबांच्या तक्रारी होत्या.

"पान उलटतेस तवा हलतेस."

"मग वाचत नाही."

"वाच. पन मोठ्यानं वाच."

मी मोठ्याने वाचायला लागले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चालू केलंस का?" माझा आवाज वर्गात पहिल्या बाकापलीकडे कधी गेलेला नाही. त्यात बाबांचे कान गोदीतल्या ठोकाठोकीने अर्धे गेलेले.

अलिबागचे डॉक्टर आठवड्यातून एकदा सायकलवरून येत. ते म्हणाले, तिरकं बसता येईल असं काहीतरी करून घ्या. आईने जाऊन सुतारमामाला सांगितलं. हा आमच्या किनाऱ्यावर होड्या बांधायचा. आयुष्यात त्याने होडीशिवाय दुसरं काही बांधलं नव्हतं. त्याने येऊन बाबांभोवती दोन फेऱ्या मारल्या, त्यांच्या खांद्याचं आणि पायाचं माप दोरीवर घेतलं, आणि लाकूड वाकवायचं म्हणून काही दिवस मागून घेतले.

"वाकवायचं कशाला?" आईने विचारलं.

"वहिनी, मानूस गोल आसतो," तो म्हणाला.

जे आलं ते चार माणसांनी उचलून आणलं. ती होडीच होती, एका माणसाची, अर्ध्यावर कापलेली. मागे टेकायला नाळ, म्हणजे होडीचं उंच टोक, दोन्ही बाजूंना वाकवलेल्या फळ्या, आत बरगड्या. सांध्यांत कापूस आणि राळ भरलेली. बाहेरून मुशी माशाचं तेल चोपडलेलं, त्यामुळे आळीतल्या मांजरी मागोमाग आल्या होत्या.

"पानी कुठनं येनार हाय घरात?" आई म्हणाली.

"येवो न येवो. सांधा उघडा सोडून मी काम देत न्हाय."

ती दारातून आत जाईना, म्हणून पडवीत ठेवली. आता बाबांना बसवायचं, तर सुतारमामा आडवा आला. नारळ फोडल्याशिवाय त्याच्या हातची वस्तू कोणी वापरलेली नव्हती. मग हळदकुंकू आलं, नारळ आला, शेजारच्या बायका ओवाळायला आल्या. बाबा एका स्टुलावर बसून हे बघत होते. ‘होडी न्हाय, खुर्ची हाय,’ असं ते दोनदा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात आता दम नव्हता आणि बायका गात होत्या. त्यानंतर तिच्यात चप्पल घालून पाय ठेवायची कोणाला मुभा राहिली नाही. पुढच्या खेपेला डॉक्टर बुटासकट एक पाय आत ठेवून बाबांच्या छातीला नळी लावायला वाकले, तेव्हा दारात बसलेल्या शेजारच्या एका म्हातारीने त्यांना मागे ओढलं. त्यांनी बूट काढून छाती तपासली. त्यांच्या मोज्याला भोक होतं.

बाबांना आत बसवलं. ते मागे टेकले, चेहरा सैल झाला, आणि आम्ही सगळे श्वास रोखून बघू लागलो. मग ते खोकले. होडीचा तळ गोल होता. ती डावीकडे कलली, उजवीकडे कलली, परत डावीकडे गेली. बाबांचा रंग बदलला.

"मना लागतंय," ते म्हणाले.

आईने तोंडात पदर धरला. हसते आहे की रडते आहे, ते मला कळेना. मग बाबांच्याच खांद्यांना हिसके बसू लागले आणि मला कळलं की तेही हसत आहेत. हसल्यामुळे होडी आणखी हलू लागली. सुतारमामा मात्र हसला नाही. किनाऱ्यावर होडी ओढून ठेवताना लावतात तशी दगडांची आणि लाकडाची टेकणं त्याने दोन्ही बाजूंना ठोकली. होडी थांबली. कोरडा कोळी शेवटी होडीत बसला, ही बातमी संध्याकाळपर्यंत शेजारच्या नवगावला पोचली होती.

बसणं सोपं झालं. झोप तरीही येईना.

मग आळीने ठरवलं की दादाला, म्हणजे बाबांना, शांतता हवी. आमची आळी म्हणजे काय आवाज असतो, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. मासळी विकून विकून बायकांचे आवाज असे तयार झालेले की या घरातून त्या घरात मीठ मागायला दारात यावं लागत नसे. त्या सगळ्या दुपारी गप्प बसू लागल्या. टोपल्या हळू ठेवू लागल्या. कोंबड्या कोणी कुठे नेल्या, ते मला आजही माहीत नाही. बाबा त्या शांततेत डोळे उघडे ठेवून बसून राहत.

शेजारची काकी आणि पलीकडच्या घरातली आत्या, म्हणजे बाबांची चुलतबहीण, यांचं जुनं भांडण होतं. बोंबील वाळत घालायला दोघींनी आमच्या अंगणाच्या दोन बाजूंना बांबू रोवून दोऱ्या बांधल्या होत्या, आणि कोणाचा बांबू कोणाच्या हद्दीत आहे, यावर वर्षानुवर्षं एकमत नव्हतं. एका दुपारी मी बाबांजवळ बसले होते. अंगणात दोघी एकमेकींसमोर उभ्या होत्या.

"तुझा बांबू माझ्या अंगनात आलाय," काकी कुजबुजली.

"तुझं अंगन माझ्या बांबूखाली सरकलंय," आत्या कुजबुजली.

"तुझा मुडदा बशिवला."

"हळू बोल. दादा झोपलाय."

"हळूच बोलतंय. तुझा मुडदा हळूच बशिवला."

पुढचं त्यांनी हातांनी केलं. आत्याने कमरेवर हात ठेवून काकीच्या चालीची नक्कल केली. काकीने बोटांनी आत्याचं नाक किती लांब ते दाखवलं.

"काय चाललंय?" बाबा म्हणाले.

दोघी दचकल्या. "काय न्हाय दादा," आत्या म्हणाली, "तू झोप."

"कसा झोपू? मानसं अशी कुजबुजाया लागली का मना वाटतं मी मेलो. भांडायचं तर मोठ्यानं भांडा."

असं सांगून भांडायला दोघींना अवघड वाटलं. काकीने पदर सारखा केला. "बांबू काढ," ती उगीच घसा साफ करून म्हणाली. "न्हाय काढनार," आत्या म्हणाली, जणू शाळेत कविता म्हणते आहे. पण बांबूचा विषय खरा होता, आणि तो हळूहळू दोघींच्या अंगात भिनला. आवाज चढले. दोन्ही घरच्या मेलेल्या आज्या भांडणात आल्या, तेव्हा माझ्या शेजारून घोरण्याचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. बाबांचं तोंड उघडं होतं. ते घोरत होते.

दुपारच्या सुट्टीत गोदीत ते त्या पांढऱ्या मालाच्या गोण्यांवर झोपत, हे आईला तेव्हा आठवलं. गोण्या मऊ असत. वर ठोकाठोक चालूच असे. ती थांबली की सगळ्यांना जाग यायची.

त्या दिवसापासून काकी आणि आत्या बाजार आटोपून, टोपल्या धुऊन दुपारी आमच्या अंगणात येऊ लागल्या. आई आधी त्यांना चहा देई. कधी एकीला ताप असला, तर दुसरी कोणी बाई बदलीला येई. पण बदलीच्या भांडणात बाबांना लवकर जाग येत असे. एकदा डॉक्टर आले आणि अंगणातला आरडाओरडा पाहून म्हणाले, "आजारी माणूस आहे घरात, गप्प बसा." आई त्यांच्या अंगावर धावली. "डॉक्टर, त्यांना गप्प करू नका. आत्ता कुठं डोळा लागलाय."

खरी अडचण आली ती आळीच्या पाटलांमुळे. एवढं रोजचं भांडण ऐकून त्यांना वाटलं, आता मध्ये पडायला हवं. ते दोरी घेऊन हद्द मोजायला आले.

"मोजायचं न्हाय," काकी म्हणाली.

"व्हय, कोनी बोलावलं तुमाला?" आत्या म्हणाली. "बांबूचं मिटलं तर आमी कशावर भांडायचं? दादा झोपंल कसा?"

पाटील दोरी गुंडाळून गेले. त्या दिवशी संध्याकाळी आत्याने बांबू उपटून वीतभर काकीच्या बाजूला रोवला. काकी उभी राहून बघत होती. "आजून थोडा घे," ती म्हणाली. "तेवढ्यानं मना राग येत न्हाय."

पावसाळा सरेपर्यंत असं चाललं. बाबा रोडावत गेले. बोलणं जवळजवळ बंद झालं. पण दुपारी ते झोपत, आणि उठल्यावर काही वेळ त्यांच्या चेहऱ्यावर त्यांचाच चेहरा असे.

दिवाळीआधीच्या एका दुपारी मी त्यांच्या मनगटावर हात ठेवून बसले होते. अंगणात भांडण रंगात आलं होतं. दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, आणि मग पुढचा श्वास आला नाही. मी वाट पाहिली. आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं.

काकीला आमच्या तोंडावरून कळलं. तिचा आवाज मध्येच तुटला. आत्याही वळली.

आईने हात वर केला. "थांबू नका," ती म्हणाली.

त्या थांबल्या नाहीत. बांबू कोणाचा, अंगण कोणाचं, आजीने काय केलं, सगळं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघी एकमेकींना शिव्या देत होत्या. आई होडीत पाय ठेवून आत गेली, बाबांना थोडं पुढे घेऊन त्यांच्या मागे बसली आणि तिने पाठ दिली. बराच वेळ ती तशी बसून होती. मग म्हणाली, "आता पुरे."

पुढे काही वर्षांनी आई वारली, काकी आणि आत्याही वारल्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी थळच्या घरात राहते. घर आहे आणि मी आहे.