चिंगी आणि माझी आवराआवर

आमच्या घरात आवराआवर करायला मला कायमची बंदी आहे. मी नुसती चादर झटकायला घेतली तरी आई आणि सुनंदा आपापलं काम टाकून धावत येतात आणि माझ्या हातातून चादर काढून घेतात. सुनंदा म्हणजे माझी बायको. तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच मला घरकामातून पूर्ण सूट दिली आहे, तेव्हा प्रकरण किती गंभीर असेल याचा तुम्हीच अंदाज करा!

मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दुसऱ्यानं बनवलेल्या मालात खोट काढायचा मला पगार मिळतो. (घरात हेच काम मी फुकट करतो, असं सुनंदाचं म्हणणं.) बजाजनगरात आमचं छोटं घर आहे. मुलगी प्रज्ञा नोकरीसाठी पुण्याला गेली आणि ते घर एकदम गप्प झालं. आई, सुनंदा आणि मी जेवायला बसायचो आणि तिघंही टीव्हीशी बोलायचो. प्रज्ञाला ते फोनवरून कळलं असावं. तिनंच आम्हाला शैलजाताईंकडं पाठवलं.

शैलजाताई शहरात राहतात आणि लोकांनी टाकलेली छोट्या जातीची कुत्री सांभाळतात. हौसेनं आणलेलं पामेरियन म्हातारं झालं, आजारी पडलं, की काही माणसं त्याला गाडीत घालतात आणि जालना रोडला कुठंतरी करमाडच्या पुढं सोडून परत येतात. ताई अशा कुत्र्यांना घरी आणतात, बरं करतात आणि नीट पारखून एखाद्या घरी देतात.

चिंगी तिथंच भेटली. पांढरी पामेरियन, आईच्या पानाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. पिल्लं विकणाऱ्या कुणीतरी तिला जन्मभर पिंजऱ्यात ठेवलं होतं. पुढचे दात पडलेले, त्यामुळं जीभ डाव्या बाजूनं कायम बाहेर. भुंकायची नाही. मोकळ्या जागेत घाबरायची आणि जिथं अडचण दिसेल तिथं घुसून बसायची.

"थोडे दिवस नेऊन ठेवा," ताई म्हणाल्या. "मग मी घरी येऊन बघेन. रमलेली दिसली तर तुमची. नाहीतर परत घेऊन जाईन. राग मानू नका दादा, पण एकदा पिंजऱ्यातून बाहेर काढलंय तिला. चुकीच्या घरात नाही टाकणार."

आईनं दारातच चिंगीला वरपासून खालपर्यंत बघितलं. (त्याला फार वेळ लागला नाही.)

"ह्ये कुत्रं हाय व्हय? पाचोडला आपल्या दारचा काळ्या असता ना, त्यानं न्याहारीला खाल्लं असतं ह्याला! घरात नाय घ्यायचं, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आई दुधात भाकर कुस्करत बसली होती. "दात नायत रे तिला," मला म्हणाली, "माझ्यावाणीच."

मी मात्र सगळ्यांना सांगत होतो की मला कुत्र्याबित्र्याचं काही नाही, सुनंदाला करमत नाही म्हणून आणलंय. पण चिंगीनं झोपायला माझा जुना स्वेटर निवडला. मी कामावरून आलो की ती कुठून कुठून बाहेर यायची, माझ्या पावलावर हनुवटी टेकवायची आणि डोळे मिटायची. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात माझ्या येण्याचा एवढा आनंद कुणाला झाला नव्हता! शिफ्ट संपली की कंपनीच्या बसकडं मी सगळ्यांच्या आधी पळायला लागलो. चिंगी परत जाणार, हा विचार मी मनात येऊच देत नव्हतो.

आणि ताईंचा फोन आला. रविवारी सकाळी येते.

आता, तपासणी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कंपनीत बाहेरचे साहेब येणार असले की आम्ही फरशा धुतो, कुंड्या मांडतो आणि खराब माल पडद्यामागं ढकलतो. घरी पाहुणे येणार असले की आपण तरी दुसरं काय करतो? हॉलमधला सगळा पसारा एका चादरीत भरायचा, गाठोडं मागच्या खोलीत पलंगावर टाकायचं आणि दाराला कडी लावायची. पाहुण्याला त्या खोलीबद्दल विचारायची पद्धत नाही, आणि आपल्याला सांगायची नाही. त्याच्याही मागच्या खोलीत असंच गाठोडं असतं!

रविवारी सुनंदा पोहे करायला लागली. आईनं नवं लुगडं नेसलं.

"पोरगी बघायला येतात काय रं?"

"बघायलाच येतात आई. पण या खेपेला मुलगी आपण आहोत."

मी हॉलचा ताबा घेतला. वाळत घातलेले कपडे, उशा, पेपर, सुनंदाचं अर्धवट विणकाम, सोफ्यावरची गोधडी, कोपऱ्यातला कपड्यांचा ढीग, सगळं दोन्ही हातांनी कवेत घेऊन चादरीत टाकलं, वर सैलशी गाठ मारली आणि पलंगावर नेऊन ठेवलं. कडी लावली. हॉल असा दिसायला लागला की त्यात कुणी राहत असेल यावर विश्वास बसू नये. मी कमरेवर हात ठेवून म्हणालो, "पास!"

सुनंदा बाहेर आली. "छान झालं हो. चिंगी कुठंय?"

सोफ्याखाली नव्हती. फ्रिजमागं नव्हती. आईच्या लुगड्याच्या निऱ्यांतही नव्हती. (तिथंही बघितलं. आईनं शिव्या दिल्या.) आणि मग मला दिसलं की दूधवाला गेल्यापासून बाहेरचं गेट उघडंच आहे.

समोरून ट्रक जातात, टेम्पो जातात. मोकळ्या जागेला घाबरणारा जीव, आणि भुंकता येत नाही म्हणजे हाकही मारणार नाही! मी इस्त्रीच्या शर्टात आणि एका पायात चप्पल घालून "चिंगी! चिंगी!" ओरडत गल्लीभर पळत सुटलो. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

"काय झालं हो साहेब? पोरगी हरवली का?"

"हो हो!"

"किती वर्षांची हाय?"

"सहा असेल."

"असेल? तुम्हाला म्हाईत नाय?"

"आम्ही आत्ताच आणलीय ना तिला!"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एक पैलवानासारखा माणूस पुढं आला. "अंगात काय घातलंय?"

"काही नाही. गळ्यात फक्त लाल पट्टा आहे."

त्यानं माझी कॉलर धरली. मी कुत्री, कुत्री असं ओरडलो, तर त्याला वाटलं शिवी देतोय. शेवटी मोबाइलमधला फोटो दाखवला तेव्हा कुठं सुटका झाली. मग तीच माणसं बिचारी चहा टाकून माझ्याबरोबर शोधायला निघाली. एवढ्यात फोन वाजला. "दादा, तुमच्या कोपऱ्यावर आलेय. गल्ली कुठली?"

संकटात माझं डोकं फार वेगानं चालतं. दिशा मात्र विचारू नका. शेजारच्या जाधवांकडं टायगर नावाचं कुत्रं होतं. तेही पांढरं, तेही पामेरियन. मी तडक जाधवांच्या दारात.

"जाधवसाहेब, तुमचा टायगर द्या ना अर्धा तास!"

"ले जाव ना साहेब! आपलं-तुपलं थोडंच हाय? पण लई भौकतंय बरं का."

टायगरला काखोटीला मारून मी घरात आलो. सुनंदा बघतच राहिली.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला? त्यांनी चिंगीला स्वतःच्या हातानं आंघोळी घातल्यात!"

"पांढऱ्या कुत्र्यांत काय फरक कळतोय?" हे एक क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणाला.

शैलजाताई आल्या, सोफ्यावर बसल्या. टायगरनं त्यांना बघून घर डोक्यावर घेतलं.

"अरे वा," ताई म्हणाल्या. "भुंकायला लागली?"

"इथलं पाणी मानवलं तिला."

"अंगानंही भरलीय."

"आईच्या हातची भाकर!"

टायगरनं जांभई दिली. ताई वाकून तोंडात बघत म्हणाल्या, "आणि दात? दातही नवीन आले?"

मी सुनंदाकडं बघितलं. सुनंदानं पोह्यांकडं बघितलं. तेवढ्यात टायगर उठला, टीपॉयपाशी गेला, आणि मागचा एक पाय सावकाश वर करून त्यानं सगळ्यांसमोर टीपॉय भिजवला.

"अगं बाई!" आई म्हणाली. "ह्यो तर बाप्या हाय!"

हसू कुणालाच आलं नाही. माझ्या हातात पोह्यांची बशी होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि शब्दांच्या ऐवजी रडूच आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कंपनीत ज्याला बघून पोरं मोबाइल खिशात घालतात, तो परक्या बाईसमोर बशीत पोहे भिजवत हुंदके देऊन रडत होता.

"ताई, हरवली ती. गेट उघडं राहिलं. तुम्ही एवढ्या विश्वासानं दिली होती. आम्हाला देऊ नका परत, पण ती सापडू दे. गाडीखाली गेली असेल तर मी काय करू हो?"

मला वाटलं आता खरडपट्टी निघणार. पण ताईंनी माझ्या हातातली बशी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आधी डोळे पुसा. रडून कुत्रं सापडत नाही. तिच्या अंगाचा वास लागलेलं काही आहे का? घेऊन गल्लीत फिरू. वास ओळखीचा असला की लपलेली कुत्री बाहेर येतात."

"माझा स्वेटर," मी नाक ओढत म्हणालो. "त्यावरच झोपते ती."

"मग आणा. कुठंय?"

"गाठोड्यात."

"कसलं गाठोडं?"

पाहुण्याला त्या खोलीबद्दल सांगायची पद्धत नाही. पण मी कडी काढली आणि गाठोड्याची गाठ सोडली. उशा, पेपर, विणकाम, गोधडी, कपड्यांचा ढीग. ढिगाच्या तळाशी माझा स्वेटर. आणि स्वेटरच्या आत, जीभ डावीकडं काढून, गाढ झोपलेली चिंगी!

तिनं एक डोळा उघडला. आम्हा सगळ्यांना बघितलं. मग मला बघितलं. उठून उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा भुंकली. एकदाच, खणखणीत आणि सरळ माझ्या तोंडावर.

"लई छान केलंस बाई," आई तिला म्हणाली. "अजून एकदा कर."

मी चिंगीला छातीशी धरून मटकन पलंगावर बसलो. तिनं माझ्या मनगटावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. शैलजाताई दारात उभ्या राहून आम्हा दोघांकडं बघत होत्या. शेवटी मीच विचारलं, "आत्ताच घेऊन जाणार का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "हे गाठोडं आधी होतं तसं हॉलमध्ये पसरा. त्या चकचकीत हॉलमध्ये हिला लपायला जागाच नव्हती, मला बसल्या बसल्या काळजी वाटायला लागली होती. पसारा आहे, आजी आहे आणि एक माणूस तिच्यासाठी रडतोय. बास. चिंगी तुमची. फक्त दादांना आवरायला देऊ नका."

त्यांचे आभार कसे मानावेत ते मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. आता सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडं जातो, कुत्र्यांना आंघोळी घालायला मदत करतो, जुनी पांघरुणं नेऊन देतो. टपरीवरची माणसं अजून रोज विचारतात, "काय साहेब, पोरगी बरी हाय ना?" आमच्या जेवणात टीव्ही बंद असतो, कारण चिंगीनं काय काय केलं हे तिघांनाही एकाच वेळी सांगायचं असतं. एवढ्याशा बिनदाताच्या जिवानं घर परत बोलतं केलं, आणि ती आमच्या पदरात पडली हे आमचं नशीब.

पाहुणे अजूनही येतात आणि गाठोडंही अजून बांधलं जातं, पण ते आता सुनंदा बांधते. चिंगी हॉलमध्ये आईच्या मांडीवर ऐटीत बसते. आणि मी काही आवरू नये म्हणून मागच्या खोलीत, गाठोड्याशेजारी, मला ठेवून बाहेरून कडी लावतात!