ताऱ्याच्या पोटात काय आहे

प्रगतीला सकाळपासून एका जागी बसवेना. दुपारी चारला तिच्या जुन्या शाळेत तिचा सत्कार, आणि फाटकावर फ्लेक्स झळकत होता: ‘ताऱ्यात कृष्णद्रव्य शोधणारी आपली लेक’. तो तिच्या बापाने, चिमणने, हौसेने लावून घेतलेला. तलासरीच्या वाटेवरच्या पाड्यातली पोर पीएचडी करते म्हटल्यावर गडी जमिनीवर कसला राहतोय!

घोळ मात्र पोरीचाच. मार्चमध्ये उत्साहाच्या भरात ती फोनवर बापाशी बोलून गेली होती. न्यूट्रॉन तारा म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा. सूर्याहून जड, पण रुंदी डहाणूहून बोर्डीच्या जरा पुढे जाईल एवढीच, वीसेक किलोमीटर. डोळ्यांना न दिसणारं कृष्णद्रव्य त्याच्या पोटात साचलं, तर तो आणखी आक्रसतो. असा एक तारा तिच्या गणितात सापडला होता. आठवड्यापूर्वी तिने गणित पुन्हा तपासलं, तेव्हा चूक दिसली. ताऱ्यातला नेहमीचाच पदार्थ थोडा मऊ धरला, तरी तारा तेवढाच लहान निघत होता. आत नक्की काय आहे, हे सांगताच येत नव्हतं.

घरात राहवेना, तेव्हा तिने बाप राबायचा ती घोलवडची चिकूची वाडी गाठली. चिमण चिकू उतरवत होता. एक तपकिरी, टपोरं फळ त्याने नखाने खरवडलं. सालीखाली हिरवं दिसलं.

“वरून तयार, आतून कच्चा. राहू दे झाडावर.”

“आणि नख पोचतच नसलं तर, बाबा?”

“तर तयार हाय म्हणून सांगायचं नाय,” म्हणत तो पुढच्या फांदीकडे वळला.

दुपारी हार गळ्यात पडला, टाळ्या झाल्या. प्रगतीने माईक धरला.

“फ्लेक्सवरचं खरं नाही. मला काही सापडलेलं नाही. कृष्णद्रव्य असेल, नसेलही. चूक माझी, बाबांची नाही.”

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली आले. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलेला चिमण जमिनीकडे बघत राहिला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाताना चिमणने अर्धी वाट मागे टाकली. मग थांबला.

“तू गप बसली असती, तर मला जन्मात कळलं नसतं, पोरी.”

“म्हणूनच बोलले, बाबा,” ती म्हणाली.