नत्थूजींच्या भुवईवरचा वण

वर्ध्याच्या एसटी स्टँडमागं वर्षाली भोयरचा फोटो स्टुडिओ आहे. जिवंत माणसं तिथं पासपोर्ट फोटोसाठी येतात आणि गेलेली माणसं फ्रेमसाठी. दुसऱ्या कामात वर्षालीचा हात धरणारं गावात कोणी नाही. लग्नाच्या फोटोतल्या घोळक्यातून ती नेमका माणूस उचलते, त्याचे केस काळे करते, त्याला कोट घालते आणि मागं निळा पडदा सोडते. नवरा मुकेश काच कापून फ्रेम ठोकतो. बावीस वर्षांत दोघांनी निम्म्या जिल्ह्याला कोटात बसवलं आहे.

वर्षालीला एका गोष्टीचा अभिमान होता. ती फाइल कधी सपाट करत नसे. गिऱ्हाइकाच्या प्रतीत सगळे बदल एकमेकांत मुरलेले असतात, ते वेगळे काढता येत नाहीत. पण स्वतःजवळच्या फाइलीत ती प्रत्येक बदल वेगळ्या थरावर करी, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसा. थरांना नावंही देई: ‘कोट’, ‘केस’, ‘कानातले केस नको म्हणाले’. कोणी मन बदललं तर नुसता तो थर बंद करायचा, की खालचा माणूस जसाच्या तसा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी रोहण्याच्या विमलाबाई आल्या. पिशवीतली फ्रेम काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

“हा कोन माणूस आहे?”

वर्षालीनं फ्रेममागची चिठ्ठी वाचली. “नत्थूजी. तुमचेच मालक ना, काकू?”

“नाव बराबर आहे. माणूस दुसरा आहे.”

सात वर्षांपूर्वी नत्थूजी गेले, तेव्हा मुलगा सचिन हा फोटो करून घेऊन गेला होता. विमलाबाई सात वर्षं त्याला हार घालत होत्या. आता त्यांना नवऱ्याचा चेहरा आठवायला गेलं की हा कोटवालाच पुढं येऊन उभा राहात होता.

“जुना फोटो कुठं आहे?”

“सचिननं वापस आनताना बसमंदी हरवला.”

“दुसरा एखादा?”

“फोटो काढला की ते डोये मिटत. त्या एकातच उघडे होते.”

“आधार कार्ड?”

“त्याच्यावर तं मी मलेच नाई वळखत.”

वर्षालीनं जुनी फाइल शोधून उघडली. कोट बंद केला. खाली बाह्या दुमडलेला सदरा निघाला. केस बंद केले. टक्कल निघालं. विमलाबाईंनी खुर्ची पुढं ओढली.

“आता येऊन राह्यले,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, “वण कुठं गेला?”

वणाचा थर नव्हता. वर्षालीनं सगळी यादी दोनदा पाहिली. लग्नसराईच्या घाईत तिनं तो एवढा एक बदल थेट तळातल्या मूळ चित्रावरच केला होता. प्रोग्राम चालू असेतो शेवटच्या पन्नासेक पायऱ्या मागं जाता येतं. बंद केला की त्या गेल्या. फाइलीत फक्त कामाची नोंद राहिली होती. तिनं ती वाचून दाखवली. डाग पुसला, डाग पुसला, असं चौदा वेळा, दुपारी तीन वीस ते तीन बावीस.

“म्हंजे पुसला हे लिवून ठेवलं,” विमलाबाई म्हणाल्या. “कसा होता ते?”

“ते नाई राहत, काकू. तसं ठेवायचं तं दर पायरीले अख्खा फोटो ठेवा लागते. फाइल एवढी फुगते का उघडतच नाई.”

बोलताना वर्षालीचे कान गरम झाले. दोन मिनिटांत तिनं एका माणसाची खूण पुसली होती, आणि तेव्हा तिला ते चांगलं काम वाटलं होतं.

“तुम्ही सांगा, मी काढतो,” ती म्हणाली आणि नवा थर घेतला.

दीड तास गेला. लांब झाला. जाड झाला. वरून वाकडा पाहिजे, बैलाचं शिंग लागलं होतं, सुरी नव्हती. मुकेशनं मध्येच विचारलं, “डावी भुवई म्हनता, तं आपली डावी का त्यायची डावी?”

विमलाबाई गोंधळल्या. मग उठून मुकेशसमोर उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि हात उचलला. बोट त्याच्या डाव्या भुवईवर टेकलं आणि तिरकं कपाळाकडं गेलं. मुकेशनं हातातली काच बाजूला धरली.

“इथं,” त्या म्हणाल्या.

वण झाला. वर्षालीनं थराला नाव दिलं: ‘वण, विमलाबाईंच्या सांगण्यावरून, अंदाजे’.

“काय लिवलं?”

तिनं वाचलं.

“अंदाजे खोड.”

“काकू, मी तो वण ध्यान देऊन पाह्यलाच नाई ना.”

“मी पाह्यला. एकेचाळीस वर्षं.”

वर्षालीनं ‘अंदाजे’ खोडलं आणि फोटो छापून मुकेशकडं नव्या फ्रेमसाठी दिला.

आठवड्यानं सचिनचा फोन आला. “ताई, बाबाचा कोट काऊन काढला? लोक विचारून राह्यले.”

“आईले विचार.”

“विचारलं. आई म्हनते, तुहा बाप तुह्या बैठकीत ठेव, माहा मले दे.”

तसंच झालं. कोटवाले नत्थूजी बैठकीत आहेत. येणारेजाणारे त्यांनाच हात जोडतात. सदऱ्यातले स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर. त्यांना हार नाही. भाजी निवडताना विमलाबाई त्यांना काही ना काही सांगत असतात, आणि मध्येच त्यांच्यावर चिडतातही.