पत्ता सोडून काहीही विचारा

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात केली की वाचकाला वाटतं, आता मुडदा सापडणार. या आठवणीत मुडदा नाही, दरोडा नाही, कुणाच्या हातात बेडीही पडली नाही. कागदोपत्री ती एक साधी मिसिंग, म्हणजे बेपत्ता माणसाची नोंद, होती, आणि तीही उघडकीस आलेली. तरी नोकरीत सगळ्यात अवघड काय गेलं असं कुणी विचारलं की मला मोठे गुन्हे आठवत नाहीत. ठाण्याच्या बाकावर पदर सावरून बसलेली एक बाई आठवते.

मी तेव्हा पुण्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. आमची हद्द म्हणजे अर्धा ऊस आणि अर्ध्या सोसायट्या. मांजरीकडच्या ज्या वावरात कालपर्यंत पाणी सोडायचे तिथे आज पार्किंगवरून भांडणं व्हायची आणि ती मिटवायला आम्ही. ठाण्यात येणारी माणसं मी दोन प्रकारची पाहिली. एक, बसा म्हटल्यावर बसणारी. दुसरी, खुर्ची स्वतःच ओढून घेणारी. त्या दिवशी दोन्ही प्रकार एकाच घरातून आले. मुलाने खुर्ची ओढली आणि आई भिंतीपाशी उभी राहिली.

मुलगा तिशीतला. घरची जमीन बिल्डरला गेल्यापासून तो इतरांच्या जमिनींचे व्यवहार जुळवायचा. धाकटी बहीण बेपत्ता होती. वय चोवीस, हडपसरला एका कंपनीत कामाला. सकाळी कामावर म्हणून गेली ती परत आली नाही आणि फोन बंद. सगळं तोच सांगत होता. आईला मी मुलीचं नाव विचारलं तर तिने आधी मुलाकडे पाहिलं, मग नाव सांगितलं. मुलीचं लग्न ठरलंय का, असं विचारल्यावर तो म्हणाला, ठरल्यातच जमा आहे. ज्यांच्याशी ठरत होतं ते त्याचे धंद्यातले भागीदार निघाले. मी मिसिंग दाखल करून घेतली, फोटो सगळीकडे पाठवला, तिच्या फोनचा तपशील मागवला. फोन शेवटचा सोलापूर रस्त्यावर चालू होता, एवढंच त्यातून कळलं.

खरी टीप मिळाली ती एका वडापाववाल्याकडून. खासगी बस जिथे थांबतात तिथे त्याची गाडी असे आणि तो आमचा जुना खबऱ्या. फोटो पाहताच म्हणाला की ही दुपारच्या बसला होती, एक बॅग घेऊन. एवढ्या गर्दीत लक्षात कशी राहिली, असं मी विचारलं. तो म्हणाला, "साहेब, पोरगी लांबच्या गाडीत बसली की खाली कुणीतरी उभं असतंच, पोचल्यावर फोन कर म्हणायला. हिला कुणीच नव्हतं."

बस कळली, बसवरून ड्रायव्हर कळला, आणि ड्रायव्हरवरून ती कुठे उतरली ते कळलं. एका महिला हवालदाराला घेऊन मी स्वतः गेलो. त्या शहराचं नाव इथे लिहीत नाही. कुणी विचारणार नाही हे माहीत आहे, पण सवय.

मुलगी नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात राहत होती. आम्हाला पाहून रडली नाही की घाबरली नाही. पहिला प्रश्न तिने विचारला, "दादा गाडीत आहे का?" तो नाही म्हटल्यावर मग बसली. हवालदारबाईंना तिने आत नेऊन पाठ दाखवली. वळ अजून गेले नव्हते. मी म्हटलं, तक्रार दे, आत्ता घेतो. ती म्हणाली, तक्रार दिली की तारखांना यावं लागेल, तारखेला आले की कुणीतरी मागे लागेल आणि मग मी कुठे राहते ते कळायला किती वेळ? मी जबाबाचा कागद पुढे केला. तिने जबाब दिला: मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने घर सोडलं आहे, माझा ठावठिकाणा घरच्या कुणालाही देऊ नये. 'कुणालाही' या शब्दावर मी थांबलो. म्हटलं, आईलाही? तिची रडून रडून काय अवस्था झाली आहे ते मी पाहिलंय.

"सर, आईला सांगितलं म्हणजे दादाला सांगितलंच," ती म्हणाली आणि सही केली.

परत येऊन मी मिसिंगच्या कागदावर 'मिळून आली' असा शेरा मारला. घरच्यांना बोलावून सांगितलं की मुलगी सुखरूप आहे, सज्ञान आहे, पत्ता देता येणार नाही. मुलाचा आवाज चढला. घरची लेक घरच्यांना द्यायची नाही हा कुठला कायदा, असं त्याने विचारलं. मी त्याला कायदा सांगितला, आणि पाठीवरच्या वळांचं मला माहीत आहे हेही सांगितलं. बहिणीला पुढे काहीही झालं तर मी पहिला तुमच्याच दारात येईन, असं बजावलं, आणि ते स्टेशन डायरीत नोंदवून घेतलं. त्यानंतर त्याच्या ओळखीच्या एका पुढाऱ्याचा फोन आला. मग एका वरिष्ठांचाही आला, की सांगून टाका, कटकट मिटवा. मी म्हटलं, सर, लेखी आदेश पाठवा, लगेच सांगतो. लेखी म्हटलं की आमच्या खात्यात भल्याभल्यांचा रस संपतो.

इथपर्यंत मला काहीच अवघड गेलं नव्हतं. समोर दांडगट माणूस असला की कर्तव्य करायला मजाच येते.

मग एके दिवशी आई एकटी आली. मांजरीहून बसने. आयुष्यात एकटीने बसमध्ये बसायची तिची ती पहिलीच वेळ. उतरायचा थांबा चुकला म्हणून भर उन्हात मागे चालत आली होती. घरी देवळात जाते म्हणून सांगितलं होतं. मी पाणी मागवलं आणि ती विचारायच्या आधीच म्हटलं, पत्ता सोडून काहीही विचारा.

तिने बराच विचार केला. "जेवती का?"

या उत्तरात पत्ता नव्हता. मी म्हटलं, जेवते, वाळलेली नाही. बाईने हात जोडले आणि निघून गेली. तेवढ्यासाठी आली होती.

त्यानंतर ती दर आठवड्याला येऊ लागली. दर वेळी एकच प्रश्न, वाटेत ठरवून आणलेला. केस कापलेत का? संगतीला कुणी बाई माणूस हाय का? मला माहीत असेल तेवढं मी सांगायचो. एकदा तिने विचारलं, "तिकडं थंडी लई हाय का?" मी गप्प बसलो. थंडी म्हटलं की गाव आलं. तिच्याही लगेच लक्षात आलं. "चुकलं सायेब. नका सांगू," म्हणाली आणि प्रश्न मागे घेतला. त्या आठवड्याला दुसरा प्रश्न तिने आणला नव्हता. ती तशीच गेली आणि मला दिवसभर काम सुचलं नाही.

त्या दिवशी पत्ता माझ्या अगदी ओठांवर होता. कायद्याप्रमाणे मी बरोबर होतो यात शंका नव्हती. पण आईला लेकीपासून तोडणं बरोबर, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझ्या आईने तर नाहीच. घरी बायकोला सांगितलं. नावं सांगितली नाहीत, नुसतं प्रकरण सांगितलं. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "तुमच्या कायद्याला आई नव्हती वाटतं." नंतर दोन दिवस जेवण वाढण्यापुरतंच बोलणं. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "अहो, आईला सांगता येत नाही ना? मग मुलीला विचारता येतं की." इतकी सरळ गोष्ट मला सुचली नव्हती.

मी मुलीला फोन केला. आई एकटी येते, बसने येते, घरी न सांगता येते, काय काय विचारते, सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, मला मारलं त्या दिवशी काय झालं ते तिला एकदा विचारा. मी सांगितलेलं नाही, तुम्हीही काही सुचवू नका. ती काय म्हणते ते मला कळवा."

पुढच्या खेपेला मी आईला विचारलं. ती म्हणाली, "भावाभईनीचं भांडान. घरोघरी असतंय." मी पुढे काही बोललो नाही. चौकशीत एक गोष्ट मी पक्की शिकलो होतो. समोरचा खोटं बोलला की त्याला खोटं पाडायचं नाही, त्याला त्या खोट्यासोबत घरी जाऊ द्यायचं. आरोपीला हे लागू पडतं. आईला लावताना मला बरं वाटलं नाही. चहा पाजला. ती प्रश्न न विचारताच उठली.

पुढच्या आठवड्यात आलीच नाही. मला वाटलं, संपलं. बायको विचारायची आणि मी मान हलवायचो. त्याच्या पुढच्या आठवड्यात आली. बाकावर न बसता सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि उभ्यानेच बोलू लागली. ते स्थळ नको म्हणते म्हणून त्याने पट्ट्याने मारलं, असं तिने सांगितलं. तुम्ही कुठे होता, मी विचारलं.

"दारात." मग दाराकडे बघत म्हणाली, "वर भाडेकरू हायेत. आवाज जाईल म्हनून कडी मी लावली, सायेब. माज्या हातानं."

नोकरीत मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले. मार चुकवायला दिलेले ऐकले, सुटायला दिलेले ऐकले. काहीही मिळणार नसताना दिलेला हा एकच. मी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि मुलीला फोन लावला. आई जे बोलली तेच शब्द सांगितले, पदरचं काही घातलं नाही. मग पलीकडून आवाज आला, "आहे का ती तिथे?" बाहेर बाकावर आहे, मी म्हटलं. "द्या."

टेबलावरचा तो जुना फोन होता, त्यावर नंबर दिसायचा नाही. मी आईच्या हातात रिसीव्हर दिला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. माझ्याच ठाण्यात, माझ्याच केबिनबाहेर मी उभा, आणि आत काय चाललंय ते मला माहीत नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. कुणीतरी एकच बोलत असावं आणि दुसरं ऐकत असावं.

ती बाहेर आली तेव्हा पदराने तोंड पुसलेलं होतं. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. पत्ता दिला का तिने?

"देत व्हती. म्याच नगं म्हनलं."

मला कळेना. एवढे दिवस ही बाई ज्यासाठी उन्हातान्हात आली, ते समोर आलं आणि हिने नको म्हटलं?

"ठावं असलं तर मी सांगीन, सायेब," ती म्हणाली. "पोरगं रडलं, ओरडलं, की मी सांगीन. मी मला वळखते." मग पिशवी उचलून बसच्या थांब्याकडे निघून गेली.

मी निवृत्त होईपर्यंत ती येत राहिली. फोन लावून द्यायचा आणि बाहेर उभं राहायचं, एवढंच माझं काम उरलं. नवीन आलेल्या अधिकाऱ्यांना मी सगळं समजावून दिलं. ते भले गृहस्थ होते, त्यांनी चालू ठेवलं असेल.

कर्तव्य आणि माया यांत माणसाने काय निवडावं, असं आता व्याख्यानाला बोलावणारी मंडळी मला विचारतात. मला त्याचं उत्तर येत नाही. मी गप्प राहिलो तो नियमाने, आणि त्याचा मला पगार मिळत होता. त्या बाईने स्वतःच्या मायेवर स्वतःच पहारा बसवला. त्याची ड्यूटी तिला कुणी लावली नव्हती.

त्या दोघी आता कशा आहेत, भेटल्या की नाही, मला माहीत नाही. खात्यात अजून ओळखी आहेत, एक फोन केला तर कळेल. पण मी विचारलं की कुणीतरी कागद काढेल, कुणीतरी कुणाला सांगेल. म्हणून विचारत नाही. विचारावंसं मात्र रोज वाटतं.